स्टीफन हिस्लॉप आणि मातीखालची शस्त्रे

मी खाप्याचा. सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठावर वसलेले, विणकरांचे गाव म्हणून ओळखले जाणारे खापा ते हेच. आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात क्वचित दिसते. पुस्तकात तर मी ते कधीच पाहिले नव्हते. त्यामुळे गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी पुस्तके चाळताना एका इंग्रजी अहवालावर टाकळघाट आणि खापा ही दोन नावे शेजारीशेजारी दिसली, तेव्हा मला कोण आनंद झाला! नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये केलेल्या उत्खननाचा तो अहवाल होता. पण थोडे वाचताच आनंद ओसरला. ते खापा आमचे नव्हते. नागपूरच्या दक्षिणेला, बोरीच्या बाजूला, टाकळघाटपासून थोड्या अंतरावर असलेले ते दुसरेच खापा.

पुस्तक परत ठेवणार होतो. पण टाकळघाट या नावाशी हात थांबला. माझे आजोळ त्याच बाजूचे. तेथल्या वावरांतून मी लहानपणी बोरे वेचीत हिंडलो आहे. सरांना विचारले, तर ते म्हणाले की, त्या दगडी वर्तुळांच्या मागे लागून एका माणसाने तेथेच प्राण गमावला. त्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे आणि तुम्ही मुले त्याच्यासमोरून बसने जाता. मी चकित झालो. हिस्लॉप कॉलेज मला माहीत होते, हिस्लॉप कोण हे माहीत नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे समजले ते येथे सांगतो.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. गवताची पाती, कीटक, दगड यांचा नाद त्यांना बालपणापासून होता. एडिंबरो व ग्लासगो येथे शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले. त्याच संस्थेच्या वतीने, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, पत्नीसह ते हिंदुस्थानला निघाले. १८४४ च्या डिसेंबरात ते मुंबईला उतरले आणि १८४५ च्या प्रारंभी नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि इंग्रजांची छावणी कामठीला होती. वय अवघे सत्तावीस, मुलूख अनोळखी, भाषा अनोळखी. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ मध्ये नागपुरात शाळा सुरू केली. पुढे १८८३ मध्ये उघडलेल्या हिस्लॉप कॉलेजचे मूळ या शाळेत आहे.

ते आले होते धर्मप्रसारासाठी, आणि त्यांच्याच देशाच्या सरकारने १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा केले, या दोन्ही गोष्टी विसरून त्यांचे चरित्र लिहिता येणार नाही. त्यांच्या मूळ कार्याविषयी आपल्यापैकी प्रत्येकाचे मत निराळे असू शकते. पण या माणसाने आपल्या भागाची माती ज्या लक्षाने पाहिली, तसे तिच्याकडे त्यापूर्वी फारसे कोणी पाहिले नव्हते, हेही मान्य करावे लागते.

शाळा आणि प्रवचने यांतून उरलेला वेळ ते पायी किंवा घोड्यावरून भटकण्यात घालवीत. १८४७ मध्ये त्यांना रॉबर्ट हंटर हे सहकारी मिळाले आणि भटकंतीला सोबत झाली. नागपूरलगतच्या टाकळी येथे काळ्या खडकाच्या थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. ज्या खडकाला आपण नुसता काळा दगड म्हणतो, त्याच्या दोन थरांच्या मधल्या काळात येथे तळी होती, त्यांत जीव नांदत होते, हे या शिंपल्यांवरून कळले. दगडी कोळशाच्या थरांशी निगडित असलेल्या प्राचीन वनस्पतींचे ठसे त्यांनी गोळा केले. नागपूरच्या आसपासच्या भूरचनेवर या दोघांनी लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाइट आणि पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीला हिस्लोपिया अशी त्यांच्या नावावरून नावे मिळाली.

दगडांइतकेच त्यांना माणसांचे कुतूहल होते. गोंडांच्या वस्त्यांवर जाऊन त्यांनी त्यांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाथा लिहून घेतली. हे टिपण ते स्वतः पुस्तकरूपात आणू शकले नाहीत. ते का, हे पुढे येईलच.

नागपूरच्या परिसरात माळावर आणि शेतांत मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आढळतात. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे तर अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. लोक त्यांना गवळ्यांचे गोठे समजत. जुन्या काळी येथे गवळी राज्य करीत आणि त्यांच्या गुरांसाठी हे दगड मांडले, अशी समजूत. हिस्लॉपना हे पटेना. गोठ्याच्या मधोमध दगडमातीचा ढीग कोण कशाला घालील? तेव्हा त्यांनी अशा वर्तुळांचा शोध सुरू केला. पुढे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची वर्तुळे खोदली. अशा वर्तुळांतून खापरे आणि लोखंडी हत्यारे बाहेर आली. गोठे नव्हतेच ते. ती दफने होती.

त्या काळच्या इंग्रज विद्वानांनी यावरून एक तर्क बांधला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने काळ्या समुद्रापलीकडील शक लोकांचे वर्णन केले आहे. त्यांचा राजा मेला की त्याच्यासोबत घोडेही मारून पुरीत. नागपूरकडची वर्तुळेही अशाच कोणा शकांनी मांडली असावीत, असे त्यांना वाटले. हा तर्क आता मागे पडला आहे. पण तो त्यांना का सुचला हे समजण्यासारखे आहे. भूमध्य समुद्राकाठचा प्राचीन इतिहास त्यांना तोंडपाठ होता, आपला इतिहास अजून मातीखाली होता. माहीत असलेल्या दिव्याने त्यांनी अंधारातली वस्तू पाहिली, इतकेच.

मी तरी वेगळे काय केले? त्याच सुमारास आमच्या वर्गात ग्रीसचा इतिहास चालू होता. इ.स.पूर्व ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईतील ग्रीक शिपायाचे चित्र मी वहीत काढले होते. डोक्यावर नाकापर्यंत येणारे काशाचे शिरस्त्राण, छातीला चिलखत, नडग्यांवर काशाचे पत्रे, हातात तीन फूट रुंदीची गोल ढाल आणि लोखंडी पात्याचा लांब भाला. मॅरेथॉनचा सेनापती मिल्टियाडिझ याने ऑलिंपियाच्या देवळात अर्पण केलेले शिरस्त्राण आजही तेथील संग्रहालयात आहे आणि त्यावर त्याचे नाव कोरलेले वाचता येते. हे सर्व मी परीक्षेसाठी पाठ केले. आजोळच्या वावरात काय आहे, हे मात्र मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

देवांच्या अहवालाने ते सांगितले. टाकळघाट ही त्या लोकांची वस्ती आणि खापा ही त्यांची दफनभूमी. तेथील कोळशाच्या परीक्षणावरून वस्तीचा काळ इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा ठरला. म्हणजे मॅरेथॉनच्या शिपायाचे आजे-पणजे जेव्हा तिकडे भाले पारजीत होते, तेव्हा इकडे आमच्या विदर्भातही लोखंड घडविले जात होते. दफनांत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कट्यारी, भाल्यांची पाती, बाणांची टोके, चपट्या कुऱ्हाडी, छिन्न्या असे सर्व सापडले. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला पक्के बसावे म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्या वळवलेल्या. घोड्यांची हाडे आणि त्यांच्या तोंडातील लोखंडी लगामही मिळाले. पुढे माहुरझरी येथे घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार निघाले, आणि पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. शस्त्रे कोठून बाहेरून आणलेली नव्हती. ती येथेच घडत होती.

गंमत अशी की, शिरस्त्राण आणि चिलखत मात्र या दफनांत नाही. ग्रीक योद्धा स्वतःला काशाने मढवी. आपला मनुष्य नटवी तो घोड्याला. पण मृतासोबत शस्त्र आणि घोडा देण्याची रीत तिकडेही होती. ग्रीसमधील लेफकांडी येथे १९८१ मध्ये उघडकीस आलेल्या, सुमारे इ.स.पूर्व ९५० च्या दफनात एका वीराची रक्षा, लोखंडी तलवार, भाल्याचे पाते आणि शेजारी चार घोडे मिळाले. दोन्हीकडच्या लोकांची गाठ पडली होती असे नव्हे. ज्याच्यावर जीव होता त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही भावना माणसाला कोठेही सुचते. फरक एवढाच, की मिल्टियाडिझचे नाव धातूवर कोरलेले राहिले. खाप्याच्या योद्ध्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याची ओळख म्हणजे ते दगड आणि ते गंजलेले लोखंड.

आता शेवटच्या प्रसंगाकडे येतो. १८६३ चा पावसाळा सरत आला होता. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम बोरीला होता आणि हिस्लॉप त्यांच्यासोबत होते. टेंपल यांनाही या अवशेषांची आवड होती. ४ सप्टेंबरला हिस्लॉप टाकळघाटचे अवशेष पाहण्यास गेले आणि परतताना घोड्यावरून एकटेच निघाले. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. छावणीत घोडा आला तो रिकाम्या पाठीने. शोध घेतला तेव्हा हिस्लॉपांचा देह पाण्यात मिळाला. शेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले होते. गोंडांविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. टाकळघाटच्या वर्तुळांबद्दल त्यांना आणखी काय सांगायचे होते, ते त्यांच्याबरोबर गेले. त्यानंतर तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन व्हायला शंभरांवर वर्षे लागली.

हे सर्व वाचून मी दिवाळीत आजोळी गेलो. आबाजींना विचारले, आपल्या शिवारात गोल मांडलेले दगड कधी होते का? आबाजी हसले. होते तर, ते म्हणाले. विहीर बांधली तेव्हा तेच दगड गाडीने वाहून आणले, धुऱ्यावर आयते पडले होते. खाली काही निघाले का, म्हणून विचारले. एक चपटे लोखंड निघाले होते, गंजून पार खाल्लेले. जुन्या कुऱ्हाडीचे असेल म्हणून ते भंगारात गेले.

मला काय बोलावे ते सुचेना. ज्या विहिरीचे पाणी मी लहानपणी ओंजळीने प्यालो, तिच्या तोंडाशी ते काळे दगड बसले आहेत. आबाजींचा दोष म्हणावा तर त्यांना कोणी सांगितले नव्हते. अडीच हजार वर्षे जमिनीत राहिलेले ते लोखंड किलोच्या भावाने गेले. ते कट्यारीचे पाते होते की कुऱ्हाडीचे, हे आता कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा ओढ्यापर्यंत चालत गेलो. त्या बाजूला आता बुटीबोरीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. रस्ते रुंद झाले आहेत. ओढ्यात घोटाभर पाणी होते. या एवढ्याशा पाण्यात एक माणूस वाहून गेला, हे मामांना खरेच वाटेना. मी त्यांना हिस्लॉपांची हकीगत सांगितली. सातासमुद्रापलीकडच्या माणसाने आपल्या धुऱ्यावरच्या दगडांसाठी एवढे करावे, हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शेजारच्या वावरात अजून शाबूत असलेले एक वर्तुळ मला दाखविले आणि त्याच्या मालकाशी आपण होऊन बोलायचे कबूल केले.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण शेतकऱ्यांची मुले आहोत. आपल्या किंवा नातेवाइकांच्या शिवारात असे दगड असतील, तर ते हलवू देऊ नका. वखराला जुने लोखंड लागले तर ते भंगारात टाकू नका. आपल्या सरांना सांगा, विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. ग्रीकांची शस्त्रे आपण जरूर अभ्यासावीत. पण आपल्या पायाखालची शस्त्रे आपण विहिरीला लावली, तर त्यांचा अभ्यास कोण करणार? हिस्लॉपांना टाकळघाटहून परतता आले नाही. आपल्याला तेथे केव्हाही जाऊन घरी परत येता येते.