सुसान्ना वेस्ली : घरची शाळा आणि गुरुवारची संध्याकाळ

जॉन वेस्ली आणि चार्ल्स वेस्ली ही नावे आपल्या परिचयाची आहेत. जॉन यांच्या सेवेतून मेथडिस्ट मंडळीचा उगम झाला, तर चार्ल्स यांची गीते आजही देशोदेशींच्या उपासनांत गाइली जातात. परंतु हे दोघे बंधू ज्या शाळेत प्रथम अक्षरे गिरवू लागले, तिची माहिती आपणांपैकी थोड्यांनाच असेल. ती शाळा त्यांच्या घरातच भरत असे आणि तिची शिक्षिका होती त्यांची आई, सुसान्नाबाई.

सुसान्नाबाईंचा जन्म १६६९ साली लंडन शहरी झाला. त्यांचे वडील डॉ. सॅम्युएल ॲनस्ली हे नामांकित उपदेशक होते. १६८८ साली सॅम्युएल वेस्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे पाळकपतींबरोबर त्या लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी येऊन राहिल्या. त्यांना १९ मुले झाली. त्यांपैकी नऊ बालपणीच देवाघरी गेली. घरात कर्जाचा बोजा कायमचाच. १७०५ साली तर कर्ज न फिटल्यामुळे पतीला लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात दिवस काढावे लागले. अशा संसारात मुलांचे शिक्षण मागे पडले असते, तर कोणी त्या माउलीला दोष दिला नसता. पण सुमारे वीस वर्षे त्यांनी घरची शाळा चालविली.

त्या शाळेची रीत ऐकण्यासारखी आहे. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याला वाचन शिकवीत नसत. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी घरातील सर्वांना आपापली कामे नेमून दिली जात आणि सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच एवढ्या वेळात त्या मुलाने सारी मुळाक्षरे शिकावीत, असा नेम होता. सर्व मुले एका दिवसात अक्षरे शिकली. केवळ मॉली व नॅन्सी यांना दीड दिवस लागला. अक्षरओळख झाली की पहिले पुस्तक पवित्र शास्त्र आणि पहिला धडा उत्पत्तीचा पहिला अध्याय.

निरनिराळ्या वयांच्या इतक्या मुलांना एकटी आई कशी सांभाळत असेल, असे आपल्या मनात येईल. शाळेचा आरंभ व शेवट स्तोत्रगायनाने होई. सायंकाळी पाच वाजता सर्वांत मोठे मूल बोलू शकणाऱ्या सर्वांत धाकट्याला जवळ घेई, त्याच्या खालचे दुसऱ्या धाकट्याला, आणि अशा जोड्यांनी स्तोत्रे व शास्त्राचा अध्याय वाचला जाई. मुलीला नीट वाचता येईपर्यंत तिला शिवणकामाला बसवायचे नाही, असा सुसान्नाबाईंचा पक्का नियम होता. मुलींच्या शिक्षणाची फारशी कोणी पर्वा करीत नसे, त्या काळातील ही गोष्ट आहे. त्यांची शिस्त मात्र आज आपल्याला कठोर वाटेल. छडीचा धाक त्या घरात होता आणि तो आपण उचलावा असे नाही. तरी त्यांचे आणखी दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत : अपराध कबूल करणाऱ्या मुलाला मार द्यायचा नाही, आणि एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा करायची नाही.

१७०९ सालच्या फेब्रुवारीत एका रात्री त्यांच्या घराला आग लागली. पाच वर्षांच्या जॉनला शेजाऱ्यांनी वरच्या खिडकीतून कसेबसे बाहेर काढले. घर पुन्हा बांधून होईपर्यंत मुले निरनिराळ्या कुटुंबांत विखुरली. ती परत आली तेव्हा त्यांची वागणूक व भाषा बिघडलेली आईला दिसली. शाळा पूर्ववत सुरू झाली. पण प्रत्येक मुलाच्या अंतःकरणात काय चालले आहे, हे सर्वांना एकत्र शिकविताना कळत नाही, ही जाणीव त्यांना होऊ लागली.

आणि येथे या कथेचा धागा आपल्या भारताशी जुळतो. थोरली कन्या एमिलिया हिला वडिलांच्या अभ्यासिकेत एक पुस्तक सापडले. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे १७०६ साली डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या झीगेनबाल्ग व प्लुत्शाऊ या मिशनऱ्यांच्या कार्याचा तो वृत्तांत होता. तो ऐकून सुसान्नाबाईंचे अंतःकरण हेलावले. परक्या देशातील आत्म्यांसाठी हे पुरुष इतके झिजतात, तर स्वतःच्या मुलांसाठी आपण अधिक काही करावयास हवे, असे त्यांना वाटले.

मग त्यांनी आठवड्याची वाटणी केली. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिलिया व सुकी या दोघी. १७१२ सालच्या आरंभी एमिलिया एकोणीस वर्षांची, जॉन आठ वर्षांचा आणि चार्ल्स अवघा चार वर्षांचा होता. थोरला सॅम्युएल ऑक्सफर्डला शिकत होता, तर धाकटी केझिया अद्याप तीन वर्षांचीही नव्हती. नेमलेल्या संध्याकाळी आई त्या मुलाशी एकांतात बोलत असे. त्याच हिवाळ्यात, पती लंडनला असताना, घरच्या रविवारच्या प्रार्थनेला गावचे सुमारे दोनशे लोक जमू लागले होते. एवढा समुदाय दारी आला, तरी चार वर्षांच्या चार्ल्सचा शनिवार त्या माउलीने राखून ठेवला होता.

याचे फळ काय मिळाले? वाचकहो, येथे आपण प्रामाणिक असले पाहिजे. सर्वच मुले सुखी झाली नाहीत. अतिशय बुद्धिमान हेटीचे वैवाहिक जीवन दुःखाचे ठरले आणि वडिलांचे मन तिच्याविषयी कठोरच राहिले. मार्थेला, म्हणजेच पॅटीला, पतीने सोडून दिले. आईची प्रार्थना व शिकवण ही मुलांवर दुःख येणारच नाही याची हमी नसते. पेरणे आपल्या हाती आहे, वाढविणारा प्रभू आहे.

पण एक गोष्ट नोंदली गेली आहे. १७३२ साली ऑक्सफर्ड येथे अध्यापक असलेल्या जॉनने, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आईला पत्र लिहिले. बालपणी गुरुवारच्या संध्याकाळी ती आपल्याला जो थोडा वेळ देत असे, तेवढाच तिने पुन्हा द्यावा, अशी त्याची इच्छा होती. त्याच वर्षी त्याच्या विनंतीवरून सुसान्नाबाईंनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली, म्हणूनच ती आज आपल्याला ठाऊक आहे. जुलै १७४२ मध्ये लंडन येथे त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. आपला प्राण मुक्त होताच मुलांनी देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी त्यांची अखेरची इच्छा होती.

प्रिय वाचका, तुझी मुले शाळेत जात असतील, शिकवणीला जात असतील आणि रविवारच्या शाळेतही जात असतील. तेथे ती इतर मुलांत मिळून बसतात. त्यांच्यातील प्रत्येकासाठी तुझ्या आठवड्यात एक संध्याकाळ राखलेली आहे काय? नसेल, तर या आठवड्यातील एक वार निवड आणि तो कोणाचा आहे, हे त्या मुलालाही सांग.