वेनमन बॅसेट-लोक व त्यांच्या छोट्या आगगाड्या

खेळण्यांतील आगगाडी पाहिली नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. चावी दिली कीं ती गरगर फिरते, आणि मन विटलें कीं कोनाड्यांत जाऊन पडते. तिचें धुरांडें खऱ्या इंजिनाच्या मानानें इतकें उंच कां, तिला चाकें चारच कां, असे प्रश्न पुष्कळांस पडत नाहींत. ज्यांस ते पडले, आणि ज्यांनीं ते मनांतच न ठेवतां कारखानदारांच्या दारीं नेले, अशांपैकीं एका इंग्रज गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत द्यावयाचें योजिलें आहे.

वेनमन जोसेफ बॅसेट-लोक यांचा जन्म ता. २७ डिसेंबर १८७७ रोजीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टन या गांवीं झाला. गांव जोड्यांच्या धंद्याकरितां प्रसिद्ध. परंतु वेनमन यांच्या वडिलांचा बॉयलर करण्याचा कारखाना होता. वेनमन यांची शाळा लवकरच सुटली. कांहीं काळ एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींत उमेदवारी करून ते वडिलांच्या कारखान्यांत आले. कचेरींत नकाशा वाचण्याची दृष्टि मिळाली आणि कारखान्यांत लोखंडाशीं परिचय झाला. पुढील आयुष्यांत या दोन्ही गोष्टी त्यांस सारख्याच उपयोगीं पडल्या.

लहान इंजिनें स्वतःच्या हातानें बनविण्याचा छंद त्या काळीं इंग्लंडांत पुष्कळांस होता; पण ते एकमेकांस ओळखीत नसत. १८९८ च्या जानेवारींत पर्सिव्हल मार्शल यांनीं ‘मॉडेल एंजिनियर’ हें नियतकालिक सुरू केलें आणि हा विखुरलेला समाज एकत्र येऊं लागला. या लोकांच्या अडचणी दोन. इंजिन घरीं करावें तर बारीक ओतीव भाग, नळ्या, स्क्रू मिळत नसत. तयार घ्यावें तर मनाजोगें मिळत नसे. वेनमन यांनीं पहिली अडचण ओळखून, वडिलांचे हिशेबनीस हॅरी फ्रँकलिन यांस भागीदार घेऊन, १८९९ च्या सुमारास सुटे भाग टपालानें पुरविण्याचा धंदा मांडला. आरंभींच्या सूचीपत्रांत त्यांनीं छायाचित्रें चिकटविलीं होतीं; वस्तु जशी आहे तशीच गिऱ्हाइकास दिसावी हा हेतु.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. तयार आगगाड्या बहुतेक जर्मनींतून, विशेषतः न्यूरेंबर्ग शहरांतून येत. तेथील कारखाने पत्रा साच्यांत दाबून, त्यावर रंग चढवून, हजारों खेळणीं देशोदेशीं पाठवीत. एकच इंजिन फ्रान्साकरितां एका रंगांत, इंग्लंडाकरितां दुसऱ्या रंगांत. वरचें नांव बदललें कीं काम झालें. तसलें इंजिन इंग्लंडच्या कोणत्याहि रुळांवर कधीं धांवलें नव्हतें. छांदिष्ट मनुष्यास याचा फार संताप येई. परंतु कारखानदाराची बाजूहि अगदींच खोटी नव्हती. नवा साचा करावयाचा म्हणजे मोठा खर्च. त्यावर काढलेले नग भराभर खपले तरच तो भरून निघावयाचा. चार-दोन चोखंदळ गिऱ्हाइकांकरितां तो कोणी कां सोसावा?

१९०० सालीं पॅरिस येथें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. बावीस वर्षांचे वेनमन तें पाहावयास गेले, आणि तेथें बिंग कंपनीचे स्टीफन बिंग यांची व त्यांची गांठ पडली. जर्मन माल पाहून त्यांस कळून चुकलें कीं, या लोकांच्या हातांत उणें कांहींच नाहीं. उणें आहे तें नमुन्यांत. तेव्हां तक्रार करीत न बसतां त्यांनीं सरळ व्यवहार मांडला. इंग्लिश इंजिनाचे नकाशे आपण पुरवावयाचे, बिंग यांनीं त्याबरहुकूम माल करावयाचा, आणि तयार झालेला माल आपण घ्यावयाचा. टपालानें माल मागविणारीं गिऱ्हाइकें पाठीशीं होतीं म्हणूनच हें धाडस त्यांस करतां आलें. लवकरच ‘ब्लॅक प्रिन्स’ हें वाफेवर चालणारें, काळ्याभोर रंगाचें छोटें इंजिन इंग्लंडांत आलें. हुबेहूब त्याच नांवाचें मोठें इंजिन लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर, म्हणजे नॉर्थॅम्प्टनवरून जाणाऱ्या रेल्वेवर, धांवत होतें. माझ्या मतें वेनमन यांच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच. वाईट मालावर रागावणारे लोक शेंकडों होते. नकाशा आणि मागणी दोन्ही हातांत घेऊन जाणारा विरळा.

या कामीं त्यांस हेन्री ग्रीनली यांची जोड मिळाली. ग्रीनली हे मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या नकाशे काढण्याच्या कचेरींत काम केलेले गृहस्थ असून प्रमाणबद्धतेविषयीं फार काटेकोर होते. तरी तडजोड त्यांसहि करावी लागली, ती विद्यार्थ्यांनीं गणित म्हणून समजून घेण्यासारखी आहे. खऱ्या रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच. एका फुटास ७ मिलिमीटर असें प्रमाण धरलें तर छोट्या रुळांत सुमारें ३३ मिलिमीटर अंतर हवें. प्रचारांत होतें ३२. हा फरक डोळ्यांस जाणवत नाहीं. पण पुढें फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण आलें, तेव्हां हिशेबानें १८.८३ मिलिमीटर येत असतां रूळ मात्र १६.५ चे राहिले. इंग्लिश इंजिनें मूळचींच आटोपशीर. त्यांच्या पोटांत चावीचें यंत्र किंवा विजेची मोटर मावेना, म्हणून रूळ तेच ठेवून गाडीचें अंग वाढविण्यांत आलें. सोय झाली, पण काटेकोर लोकांच्या मनांत तें कायमचें सलत राहिलें.

१९०५ मध्यें या जोडीनें ब्लॅकपूलच्या समुद्रकांठीं १५ इंच रुंदीच्या रुळांवर ‘लिटल जायंट’ नांवाचें इंजिन चालविलें. आमच्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटांचे. यावरून तें केवढें लहान होतें याची कल्पना यावी. तरी तें खरीं माणसें ओढीत असे! १९१५ मध्यें रेव्हनग्लास येथील बंद पडलेल्या रेल्वेवर त्यांच्या मंडळीनें याच रुंदीचे रूळ घातले.

पहिल्या महायुद्धानें हा सर्व डाव विसकटला. कालपर्यंत ज्या न्यूरेंबर्गच्या कारागिरांवर धंदा उभा होता, ते आतां शत्रूच्या मुलखांतले झाले. जॉर्ज कॅरेट या नांवाचे दुसरे एक न्यूरेंबर्गचे कारखानदार बॅसेट-लोक यांस माल पुरवीत. ते फ्रेंच असल्यामुळें तिकडे त्यांचा कारखाना १९१७ मध्यें बंद पडला. युद्धानंतर जर्मन मालाविषयीं इंग्लंडांत तिटकारा होता. असें असूनहि बॅसेट-लोक यांनीं बिंग यांच्याशीं संबंध पुनः जोडला, आणि १९२२ मध्यें जेवणाच्या टेबलावर मावणारी स्वस्त आगगाडी बाजारांत आली. तोंपर्यंत त्यांचा उत्तम माल सधन घरींच जाई, हा आक्षेप खोटा म्हणतां येणार नाहीं. स्वतः समाजवादी मताच्या, आणि पुढें मजूर पक्षातर्फे नॉर्थॅम्प्टनच्या नगरसभेंत बसलेल्या या गृहस्थास तो बोंचला नसेल असें वाटत नाहीं. नाझी राजवटींत स्टीफन बिंग यांस ज्यू म्हणून जर्मनी सोडावी लागली, तेव्हां त्यांनीं आश्रय घेतला तो इंग्लंडांतच.

जें इंजिनांत, तेंच घरांत. नॉर्थॅम्प्टनच्या डर्नगेट रस्त्यावरील ७८ क्रमांकाचें जुनें अरुंद घर त्यांनीं चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाकडून १९१६-१७ मध्यें नवें करून घेतलें. दुसरें घर पुढें पीटर बेहरेन्स या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून बांधविलें. नव्या पद्धतीच्या घरांत इंग्लंडांत तें अगदीं आरंभींचें गणलें जातें.

ता. २१ ऑक्टोबर १९५३ रोजीं बॅसेट-लोक वारले. डर्नगेटचें घर आतां लोकांस पाहावयास खुलें आहे, व रेव्हनग्लासची गाडी आजहि धांवते. आणि ते १६.५ मिलिमीटरचे रूळ? १९६६ मध्यें इंग्लंडांतील कांहीं छांदिष्टांनीं ते बाजूस सारले आणि बरोबर १८.८३ चे रूळ अंथरून, त्यावर चालतील अशीं चाकें स्वतः करावयास घेतलीं.