श्यामपासून साने गुरुजींपर्यंत

रामनगरच्या रामलीलेत सुमारे महिनाभर, एकेका संध्याकाळी एकेक प्रसंग, अशा क्रमाने रामकथा उलगडत जाते. रात्रींच्या अशाच मालिकेत गुंफलेले एक पुस्तक मराठीत आहे. त्याचा नायक मात्र राजपुत्र नव्हे, तर कोकणातील एका खालावलेल्या घरातील मुलगा होय. ‘श्यामची आई’च्या ४२ रात्रींमागे जे जीवन उभे आहे, त्याचा परिचय अन्य भारतीय भाषांच्या अभ्यासकांनाही उद्बोधक ठरावा.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळील पालगड येथे झाला. घराण्याकडे खोती होती. गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा खोत हा कुळांच्या दृष्टीने गावचा धनीच असे. परंतु आजोबांच्या काळातील सुबत्ता वडिलांच्या हयातीत ओसरली आणि कर्ज वाढत गेले. आई यशोदाबाई यांनी या ओढगस्तीतच मुलांवर संस्कार केले. दापोली, औंध व पुणे येथे हालअपेष्टांत शिक्षण चालू असता १९१७ साली त्यांचे निधन झाले; मुलगा तेव्हा जवळ नव्हता. ती रुखरुख त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

१९२४ साली साने अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरणारा, त्यांचे कपडे धुणारा हा शिक्षक तेथेच ‘गुरुजी’ झाला. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी तमिळचा अभ्यास केला. पुढे ‘कुरल’ मराठीत आणले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९३५ साली ती प्रकाशित झाली.

योगायोग असा की, १९३३ सालीच अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘फार्मर बॉय’ ही बालकादंबरी प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकातील न्यू यॉर्क राज्यातील एका शेतावर वाढणाऱ्या मुलाची ती कथा. तेथे कोठारे भरलेली आहेत आणि मुलगा श्रमातून स्वावलंबन शिकतो. श्यामच्या घरी सावकाराचा तगादा आहे. तो शिकतो ते अभावातही माणुसकी न सोडणे. एका कथेत जमीन मुलाला घडविते, दुसरीत हातची जमीन निसटत असता आई त्याला घडविते.

या आईचे चित्र केवळ गोड मानणे हा मात्र तिच्यावर अन्याय होईल. लाकडाची मोळी उचलून देण्यासाठी ती श्यामला एका अस्पृश्य वृद्धेकडे पाठविते. पण घरी परतल्यावर त्याने स्नान करावे, हेही तिला आवश्यक वाटते. तिची करुणा रूढीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. मुलाने पुढील आयुष्यात तो उंबरठा ओलांडला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्यास संमती मिळाल्यावर १० मे रोजी ते सुटले. मातेच्या शिकवणीची खरी परिपूर्ती ती हीच.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांतोप्रांतीच्या लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, ही ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांच्या अखेरच्या वर्षांतील ध्यास होता. तथापि गांधीहत्येचा आघात आणि स्वातंत्र्योत्तर समाजाविषयीची निराशा त्यांना पेलवली नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. लक्षावधी मुलांना धीर देणाऱ्या लेखकाचा हा अंत मराठी मनाला आजही अस्वस्थ करतो. तो झाकून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. चित्रपटाने आईची मूर्ती घरोघर पोहोचविली. आंतरभारतीचे स्वप्न मात्र मागे राहिले. गंगेच्या या तीरावर, जेथे अवधीतील रामकथा ऐकण्यासाठी नाना भाषा बोलणारे लोक एकत्र जमतात, तेथे त्या स्वप्नाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. भारतीय भाषांचा अभ्यास करणाऱ्यांवर गुरुजींचे हे ऋण अद्याप शिल्लक आहे.