बोरिस व्हियां: खोट्या नावानं गाजलेला, खऱ्या नावानं उपेक्षित राहिलेला लेखक

२३ जून १९५९ ची सकाळ. पॅरिसच्या मार्बफ चित्रपटगृहात एका नव्या सिनेमाचा खास खेळ होता. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला होता, तिचा लेखकही तिथे बसला होता. सिनेमा त्याला अजिबात मान्य नव्हता आणि आपलं नाव त्यातून काढावं यासाठी तो निर्मात्यांशी भांडतही होता. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटं झाली आणि तो खुर्चीतच कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेताना वाटेत त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३९ वर्षं.

त्याचं नाव बोरिस व्हियां. इंजिनिअर, जॅझ वादक, गीतकार, अनुवादक, विज्ञानकथा आणि थरारकथा लिहिणारा कादंबरीकार. ज्या पुस्तकानं त्याला पैसा मिळवून दिला, त्याच पुस्तकानं त्याचं लेखक म्हणून नुकसान कसं केलं, त्याची ही गोष्ट.

दुखरं हृदय आणि ट्रम्पेट

व्हियांचा जन्म १० मार्च १९२० रोजी पॅरिसजवळच्या व्हील-दाव्रे इथला. घरात संगीताचं वेड इतकं, की मुलाचं नावही 'बोरिस गोदुनोव्ह' या रशियन ऑपेरावरून ठेवलेलं. १९२९ च्या मंदीत वडिलांची संपत्ती गेली. मोठा बंगला भाड्यानं देऊन कुटुंब आवारातल्या छोट्या घरात राहायला गेलं. बंगल्यातले भाडेकरू होते व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांचं कुटुंब.

बाराव्या वर्षी बोरिसला संधिवाताचा ताप आला आणि त्यात त्याच्या हृदयाची झडप कायमची बिघडली. जपून राहणं हाच त्यावर उपाय होता. त्यानं निवडलं ट्रम्पेट, म्हणजे छातीवर सगळ्यात जास्त ताण देणारं वाद्य!

१९४२ मध्ये तो इंजिनिअर झाला आणि वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत नोकरीला लागला. दिवसा कार्यालय, रात्री क्लोद अबादीच्या जॅझ वाद्यवृंदात ट्रम्पेट. युद्ध संपल्यावर पॅरिसच्या सँ-जर्मँ-दे-प्रे भागातल्या तळघरांत जॅझचे क्लब सुरू झाले, तेव्हा तो तिथला ओळखीचा चेहरा बनला. जॅझवर तो नियमित लिहायचाही.

पंधरा दिवसांत लिहिलेली कादंबरी

१९४६ च्या उन्हाळ्यात एक नवा प्रकाशक अमेरिकी पद्धतीची, धडाक्यात खपणारी कादंबरी शोधत होता. व्हियां म्हणाला, शोधता कशाला, मीच लिहितो. सुट्टीवर असताना साधारण पंधरा दिवसांत त्यानं ती लिहून काढली. नाव होतं, 'मी तुमच्या थडग्यांवर थुंकेन'.

गोष्ट आहे ली अँडरसन या तरुणाची. तो कृष्णवर्णीय, पण त्वचा इतकी उजळ की गोरा म्हणून सहज खपतो. भावाचा जमावानं बळी घेतलेला असतो आणि त्याचा सूड ली दोन गोऱ्या बहिणींवर उगवतो. हिंसा आणि लैंगिक वर्णनं यांची त्यात रेलचेल होती. लेखक म्हणून नाव छापलं व्हर्नन सलिव्हन. हा अमेरिकेतला लेखक असून वर्णद्वेषामुळे त्याला मायदेशी पुस्तक छापता येत नाही, आपण फक्त अनुवादक, असं व्हियांनं सांगितलं. प्रत्यक्षात तोवर त्यानं अमेरिका पाहिलीही नव्हती.

१९४७ मध्ये डॅनिएल पार्कर या नीतिरक्षक कार्यकर्त्यानं पुस्तकाविरुद्ध तक्रार केली. त्याच वर्षी पॅरिसच्या एका हॉटेलात एका स्त्रीचा खून झाला आणि तिच्याजवळ ही कादंबरी सापडली. वर्तमानपत्रांत एकच गदारोळ उडाला. खप मात्र लाखाच्या पुढे गेला. व्हियांनं चेष्टा चालूच ठेवली. सलिव्हनच्या पुढच्या कादंबरीतल्या नायकाला त्यानं नाव दिलं, डॅन पार्कर.

पण अखेर त्याला न्यायाधीशांपुढे लेखकपण कबूल करावं लागलं. १९४९ मध्ये पुस्तकावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी त्याला एक लाख फ्रँकचा दंड झाला.

स्वतःच्या नावाची पुस्तकं

याच काळात तो स्वतःच्या नावानंही लिहित होता. १९४७ ची 'दिवसांचा फेस' ही कादंबरी विलक्षण आहे. वाजवलेल्या सुरांप्रमाणे मद्याचं मिश्रण तयार करणारा पियानो तिच्यात आहे आणि नायिकेच्या फुप्फुसात कमळ वाढू लागतं. लेखक रेमों क्नो या कादंबरीच्या पाठीशी होते, तरी अपेक्षित पुरस्कार हुकला आणि ती फारशी खपलीही नाही. १९५० च्या 'लाल गवत' मध्ये एक इंजिनिअर आठवणी पुसून टाकणारं यंत्र बनवतो. ही कादंबरी गॅलिमार या मोठ्या प्रकाशनानं नाकारली. चावट कादंबरीचा लेखक अशी प्रतिमा झालेल्या माणसाला गंभीरपणे घेणार कोण?

विज्ञानकथेचा नाद मात्र सुटला नाही. सलिव्हनच्याच नावाच्या एका थरारकथेत त्यानं परिपूर्ण माणसं पैदा करू पाहणारा डॉक्टर आणला. १९५१ मध्ये त्यानं एका साथीदारासोबत लेख लिहून फ्रेंच वाचकांना या नव्या साहित्यप्रकाराची ओळख करून दिली. ए. ई. व्हॅन व्होग्ट यांच्या विज्ञानकथा आणि रेमंड चँडलर यांच्या गुन्हेगारी कादंबऱ्या त्यानं फ्रेंचमध्ये आणल्या.

पुन्हा संगीताकडे

१९५० च्या सुमारास हृदयानं ट्रम्पेट सोडायला लावलं आणि १९५३ नंतर नवी कादंबरीही आली नाही. मग त्यानं गाणी लिहिली, चारशेहून अधिक. सैन्यात जायला नकार देणाऱ्या माणसाचं 'पळपुटा सैनिक' हे गाणं १९५४ मध्ये आलं. फ्रान्स तेव्हा इंडोचायनात हरत होता. रेडिओवर या गाण्याला बंदी घातली गेली. पोटापाण्यासाठी त्यानं रेकॉर्ड कंपनीत नोकरी केली.

अखेर सलिव्हनच्याच पुस्तकावरचा सिनेमा पाहताना त्याचा शेवट झाला. तेव्हा बहुतेकांना आठवत होता तो वादग्रस्त माणूस, कादंबरीकार नव्हे.

१९६० च्या दशकात 'दिवसांचा फेस' स्वस्त आवृत्तीत निघाली आणि विद्यार्थी तिच्यावर तुटून पडले. आज ती फ्रान्समधल्या शाळांत शिकवली जाते. २०१० मध्ये त्याच्या कादंबऱ्या 'प्लेयाद' या फ्रान्समधल्या सर्वांत मानाच्या ग्रंथमालेत दाखल झाल्या. ही ग्रंथमाला गॅलिमारचीच आहे.