रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

आमच्या सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड अथवा उर्दू आणि शाळेत मराठी बोलणारी मुले पुष्कळ आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरातही असे विद्यार्थी आम्हांस नित्य भेटतात. शाळेतून आलेली चिठ्ठी आईबापांस त्यांच्या भाषेत समजावून देणे हे त्यांचे रोजचे काम होय. अशा मुलांस एका दुभाष्या संताचे चरित्र विशेष जवळचे वाटेल, म्हणून ते येथे देत आहो.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म कोकणकिनाऱ्यावरील वसई येथे इ. स. १५५७ च्या सुमारास झाला. वसई त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई वसईकडीलच. येशूसंघीय गुरूंपाशी शिक्षण घेऊन ते सुमारे पंधराव्या वर्षी जपानात गेले. तेथील अवघड भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला व त्यात त्यांचा चांगला जम बसला. परंतु मनास समाधान लाभेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू झाले.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ साली मिशनऱ्यांस देश सोडण्याची आज्ञा दिली होती. पुढे फिलिपिन्सनेही आपले स्वामित्व मान्य करावे, अशी मागणी त्याने केली. तेव्हा १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली मनिलाहून वकिलात गेली आणि गोन्सालो तिचे दुभाषी झाले. एखादा शब्द चुकता तर अनर्थ ओढवता! वकिलातीनंतर हे बंधू क्योतो येथे राहिले. तेथे त्यांनी मंदिर बांधले व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरून संशय वाढला व धरपकड झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात त्यांस दूरच्या नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत वीस जपानी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. गोन्सालो चाळिशीच्या आसपास होते. १८६२ साली नववे पायस पोप यांनी या सव्विसांस संतपद दिले. भारतभूमीत जन्मून या पदास पोहोचलेले गोन्सालो हे पहिलेच होत.

दुभाष्याचे काम दुसऱ्याचे बोलणे पोहोचविण्याचे. त्याची जबाबदारी मूळ बोलणाऱ्यावर टाकून त्यास नामानिराळे राहता येते. गोन्सालो तसे राहिले नाहीत. जे वर्षानुवर्षे इतरांसाठी बोलले, ते त्यांचे स्वतःचेच होते, हे नागासाकीच्या टेकडीवर सिद्ध झाले. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही अनेक भाषा शिका. परंतु जे बोलाल ते आधी आपले करा, एवढेच आमचे सांगणे आहे.