उडत्या तबकड्यांचा निकाल लावायला नेमलेला शास्त्रज्ञ शेवटी त्यांच्याच मागं लागला

बीड जिल्ह्यात रात्री गच्चीवरून आकाशात सरकणारे दिवे दिसले, की पाच मिनिटांत व्हिडिओ ग्रुपवर येतो आणि एलियनची चर्चा सुरू होते. 2 एप्रिल 2022 ला चंद्रपूरच्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग पडली, तेव्हाही हेच झालं. ते निघाले रॉकेटचे अवशेष.

पण असे दावे वर्षानुवर्षं सरकारी पगारावर तपासणारा एक माणूस होता. जे. ॲलन हायनेक.

1 मे 1910 ला शिकागोत जन्मलेले हायनेक खगोलशास्त्राचे प्राध्यापक. 1948 मध्ये अमेरिकन हवाई दलानं त्यांना सल्लागार नेमलं. काम सोपं होतं, लोकांनी पाहिलेली वस्तू तारा होती, उल्का होती की आणखी काही, ते सांगायचं. सुरुवातीला हायनेक यांना हा सगळा प्रकार पोरखेळच वाटायचा.

मध्ये स्पुटनिक उडाला. उपग्रहांवर नजर ठेवणारं कॅमेऱ्यांचं जाळं उभारण्यात हायनेक होते. त्यातला एक कॅमेरा आपल्या नैनितालमध्ये होता.

मग आलं 1966. मिशिगनमध्ये अनेकांनी विचित्र दिवे पाहिले. हायनेक यांनी पत्रकारांना सांगितलं, की काही ठिकाणी हा दलदलीतला वायू असू शकतो. झालं! देशभर खिल्ली उडाली. पाहणारे चिडले, आपल्याला वेडं ठरवलं म्हणून. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले खासदार जेराल्ड फोर्ड यांनी तर थेट संसदेत चौकशीची मागणी केली.

तोवर हायनेक यांचंही मत पालटू लागलं होतं. पायलट, पोलीस खोटं का बोलतील, हा प्रश्न त्यांना सुटेना. तपास नीट होत नाही, असं ते उघड म्हणू लागले.

1969 मध्ये हवाई दलानं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' गुंडाळला. एकूण नोंदी 12,618, त्यातल्या 701 चा उलगडा झालाच नाही. उलगडा नाही म्हणजे एलियन, असं मात्र नाही. कुठल्याही ज्ञात गोष्टीशी मेळ बसला नाही, इतकाच त्याचा अर्थ. पुढं या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या, आज त्या कुणालाही पाहता येतात.

हायनेक थांबले नाहीत. 1972 च्या पुस्तकात त्यांनी अशा घटनांची वर्गवारी मांडली. त्यातल्याच तिसऱ्या प्रकारावरून स्पीलबर्गच्या 1977 च्या सिनेमाला नाव मिळालं. त्यात ते क्षणभर दिसतातही. 1973 मध्ये त्यांनी स्वतःचं अभ्यास केंद्रही काढलं.

27 एप्रिल 1986 ला ते गेले. जन्मावेळी आकाशात हॅलेचा धूमकेतू होता, जातानाही तोच परतला होता.