मात्सुएचे मास्तर : लफकादिओ हर्न

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, शिंजी नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या कांठीं, मात्सुए हें शहर वसलें आहे. राजधानी तोकियोपासून तें फार दूर. १८९० सालीं तेथें आगगाडी पोंचली नव्हती. मध्यें डोंगरांच्या रांगा, आणि नवे कायदे, नवें शिक्षण, नवे पोशाख तेथें सर्वांच्या शेवटीं येत. नंदुरबार, शहादें, धडगांव या बाजूच्या आमच्या वाचकांस असा मुलूख कसा असतो हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस तेथील शाळेंत इंग्रजी शिकविण्यास एक ठेंगणे, एका डोळ्यानें अंध, चाळिशीचे परदेशी गृहस्थ आले. ते तेथें पुरतें दीड वर्षहि राहिले नाहींत; तरी सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटल्यावर आजहि ते त्या शहराचें भूषण समजले जातात. त्यांची हकीकत आम्हीं येथें देण्याचें योजिलें आहे.

लफकादिओ हर्न याचा जन्म २७ जून १८५० रोजीं ग्रीसजवळच्या लेफकादा बेटावर झाला. बेट तेव्हां इंग्रजांच्या ताब्यांत होतें. बाप चार्ल्स हर्न आयर्लंडचा, इंग्रजी फौजेंत डॉक्टर. आई रोझा ग्रीक. बेटाच्या नांवावरून मुलाचें नांव पडलें. तो दोन वर्षांचा असतांना त्याला डब्लिन शहरीं आणलें. तेथील धुकें, तेथील भाषा, सासरचीं माणसें, यांतलें आईला कांहींच मानवलें नाहीं, व ती मायदेशीं निघून गेली. मुलगा तेव्हां अवघा चार वर्षांचा होता. मायलेंकरांची पुन्हां कधीं गांठ पडली नाहीं. बापानें दुसरें लग्न केलें आणि तो पलटणीबरोबर हिंदुस्थानांत आला. १८६६ सालीं येथून परत जातांना सुवेझजवळ तापानें वारला. मुलाचा सांभाळ बापाच्या एका श्रीमंत विधवा मावशीनें केला. त्याच सुमारास, इंग्लंडांतील अशॉ येथील कॅथलिक शाळेंत खेळतांना, दोराची गांठ डाव्या डोळ्यावर बसून तो डोळा कायमचा गेला. उजव्या डोळ्यावर सारा ताण पडून तो मोठा व पुढें आलेला दिसूं लागला. तेव्हांपासून बोलतांना डावा डोळा हातानें झांकण्याची जी संवय मुलास लागली ती जन्मभर गेली नाहीं.

पुढें मावशीची मालमत्ता बुडाली, आणि १८६९ सालीं, एकोणीस वर्षांच्या या मुलाला अमेरिकेचें भाडें हातीं देऊन वाटेला लावण्यांत आलें. सिनसिनाटी शहरांत तो उपाशी फिरला, तबेल्यांत निजला. वॉटकिन नांवाच्या एका दयाळू मुद्रकानें त्याला छापखान्यांत आसरा दिला. तेथून तो वर्तमानपत्राचा बातमीदार झाला. १८७४ सालीं त्यानें जन्मानें गुलाम असलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीशीं लग्न केलें. ओहायओ राज्यांत असा विवाह बेकायदा होता; नोकरी गेली. तो संसारहि टिकला नाहीं, आणि यांत सारा दोष कायद्याचाच होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. नंतरचीं दहा वर्षें न्यू ऑर्लीन्स शहरांत व दोन वर्षें मार्तिनिक बेटावर लेखनांत गेलीं. न्यू ऑर्लीन्स येथें १८८४-८५ मध्यें भरलेल्या प्रदर्शनांत त्यानें जपानी वस्तूंचा विभाग पाहिला व त्या विभागावरील अधिकारी हात्तोरी इचिझो यांच्याशीं त्याची ओळख झाली.

एका अमेरिकन मासिकातर्फे हर्न एप्रिल १८९० मध्यें योकोहामा बंदरांत उतरला. सोबतच्या चित्रकाराला आपल्यापेक्षां अधिक मोबदला मिळतो असें कळतांच त्यानें रागाच्या भरांत मासिकाशीं संबंध तोडला. परक्या मुलुखांत खिशांत पैसा नाहीं, अशा स्थितींत हात्तोरी व प्रोफेसर चेंबरलेन यांच्या खटपटीनें मात्सुएच्या शाळेंत दरमहा १०० येन पगाराची जागा मिळाली. येथून पुढें आम्ही त्यांस हर्नसाहेब म्हणूं; शिक्षकास एकेरी हांक मारण्याची आपल्याकडे चाल नाहीं.

हर्नसाहेबांस जपानी भाषा येत नव्हती व मुलांस इंग्रजी बेताचेंच. मुख्य आधार निशिदा सेन्तारो या जपानी सहशिक्षकांचा. मुलांची शिस्त व मर्यादा पाहून हर्नसाहेब थक्क झाले. वर्गांत आवाज चढविण्याची पाळी त्यांच्यावर कधीं आली नाहीं. निबंध तपासतांना मात्र त्यांना एक गंमत दिसली. फुजी पर्वताचें वर्णन करावयाचें तर मुलगा त्याला आकाशांत उलट्या टांगलेल्या पांढऱ्या पंख्याचीच उपमा देणार! एखाद्या शिक्षकानें हें घोकंपट्टीचें फळ म्हणून लाल शाई ओतली असती. हर्नसाहेबांनीं विचार केला कीं, ह्या उपमा मुलांस आजेपणजे देऊन गेले आहेत. त्यांत त्या लोकांचें सारें मन सांठविलेलें आहे. आम्हांस दोन्ही म्हणणीं थोडथोडीं खरीं वाटतात.

संध्याकाळीं विद्यार्थी त्यांच्या घरीं येत, बसत, जुनीं चित्रें किंवा घरच्या वस्तू दाखवीत. त्यांपैकीं योकोगी हा एका सुताराचा मुलगा. बाप फी भरूं शकत नव्हता. मुलाची हुशारी पाहून एका धनिकानें शिक्षणाचा खर्च उचलला होता. हा मुलगा मेंदूच्या तापानें आजारी पडला. मरणापूर्वीं शुद्धीवर आल्यावर त्यानें एकच हट्ट धरला, तो म्हणजे आपली शाळा एकदां पाहण्याचा. रात्रीची वेळ होती. घरच्या म्हाताऱ्या गड्यानें त्याला पाठीवर घेतलें आणि अंधाऱ्या रस्त्यांतून शाळेपर्यंत नेलें. मुलानें आपल्या वर्गाच्या खिडक्या पाहिल्या, नेहमींचें दार पाहिलें, आणि मग त्याला परत आणलें. कांहीं दिवसांपूर्वींच शिदा नांवाचा दुसरा हुशार विद्यार्थी गेला होता. दोघांची हकीकत हर्नसाहेबांनीं आपल्या पुस्तकांत लिहून ठेविली. ती वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशीं वर्गांत हजेरी घेतांना शिक्षकाचा आवाज सहसा पूर्वींसारखा राहत नाहीं.

सुटीच्या दिवशीं ते भटकत. येऊन महिनाहि झाला नसेल तोंच ते इझुमोच्या प्राचीन देवस्थानास गेले; तेथील मुख्य पुजाऱ्यांनीं त्यांस गाभाऱ्यापर्यंत येऊं दिलें, आणि हा मान मिळालेले ते पहिलेच युरोपियन होत. काका या ठिकाणीं समुद्रांत एक गुहा आहे. मेलेलीं मुलें तेथें रात्रीं दगडांचे लहान लहान मनोरे रचतात, अशी लोकांची समजूत. तेथें ते होडींतून गेले व एकहि मनोरा पायानें ढळूं नये म्हणून जपून चालले. पुढें ओकी बेटांवरहि जाऊन आले. प्रवासवर्णनें पुष्कळ लोक लिहितात. परंतु त्यांत बहुधा प्रवाशाचे हाल व खाण्यापिण्याच्या तक्रारी अधिक असतात. हर्नसाहेबांचा एक अधू डोळा इतरांच्या दोन चांगल्या डोळ्यांहून अधिक पाही, असें त्यांचीं पुस्तकें वाचतांना वाटतें.

१८९१ च्या हिवाळ्यांत थंडीनें ते आजारी पडले. त्या सुमारास कोइझुमी सेत्सु ही तेवीस वर्षांची बाई त्यांचें घर सांभाळण्यास आली. तिचें घराणें सामुराईंचें, पण नव्या राजवटींत दारिद्र्यास पोंचलेलें. लवकरच दोघांनीं संसार थाटला. सेत्सुबाईंस इंग्रजी येईना. साहेबांचें जपानी मोडकें. दोघांच्या मिळून एक तिसरीच बोली तयार झाली, व्याकरणावांचून चालणारी. घरांत तिला हर्नसाहेबांची भाषा म्हणत. या भाषेंत संसार झाला, मुलें वाढलीं, इतकेंच नव्हे तर ज्या गोष्टींनीं हर्नसाहेब जगभर प्रसिद्ध झाले त्या साऱ्या याच भाषेंत सांगितल्या गेल्या.

तें असें. सेत्सुबाई जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून भुताखेतांच्या, शूरांच्या, शापांच्या गोष्टी धुंडाळून आणीत. रात्रीं दिव्याची वात बारीक करून गोष्ट सुरू होई. पुस्तक समोर धरून वाचलेलें मात्र हर्नसाहेबांस चालत नसे. गोष्ट बायकोनें आपल्या शब्दांत, स्वतःची करून सांगितली पाहिजे. मग प्रश्न सुरू होत. तो आवाज कसा आला? खडावांचा नाद कसा झाला? त्या रात्रीं काळोख कसा होता? एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगावी लागे. सांगतां सांगतां सेत्सुबाईंसच भीति वाटे आणि झोपेंत वाईट स्वप्नें पडत. आंधळा वादक होइची, ज्याचे कान भुतानें तोडून नेले, त्याची गोष्ट लिहीत असतां तर नवराबायको जणूं त्या गोष्टींतच राहत होतीं. अशा गोष्टींना त्या वेळचे शिकलेले जपानी लोक हंसत असत. आमच्याकडेहि सातपुड्याच्या पायथ्याशीं शेकोटीभोंवतीं ऐकलेल्या गोष्टी शाळेंत बोलून दाखविण्यास मुलें लाजतात. घरची बोली शाळेच्या दारांत काढून ठेवण्याची वस्तु आहे असें त्यांना कोणीं शिकविलें कोण जाणे.

मात्सुएची थंडी सोसेना, व बायकोचे आईबाप, आजोबा यांचाहि भार अंगावर आला, म्हणून नोव्हेंबर १८९१ मध्यें ते दुप्पट पगारावर कुमामोतोच्या सरकारी विद्यालयांत गेले. जुदो विद्येचे प्रवर्तक कानो जिगोरो तेथें मुख्याध्यापक होते. परंतु विद्यालय म्हणजे पलटणीची बराक; हर्नसाहेबांचें मन तेथें रमलें नाहीं. १८९३ सालीं थोरला मुलगा काझुओ जन्मला, व १८९४ सालीं जपानवरचें त्यांचें पहिलें मोठें पुस्तक दोन भागांत निघालें. मग कांहीं काळ कोबे येथें वर्तमानपत्रांत नोकरी केली. तीहि डोळ्यानें दगा दिल्यामुळें सोडावी लागली.

मुलगा झाल्यावर एक पेंच उभा राहिला. विवाह इंग्रजी कायद्यानें नोंदवावा तर सेत्सुबाई परकीय ठरणार, आणि परकीयांस देशाच्या अंतर्भागांत जमीनजुमला बाळगतां येत नसे. न नोंदवावा, तर हर्नसाहेबांच्या पश्चात् बायकोमुलांस कांहींच मिळणार नाहीं. त्यांनीं स्वतःचें नागरिकत्व सोडलें. फेब्रुवारी १८९६ मध्यें सासुरवाडीचें आडनांव घेऊन ते कोइझुमी याकुमो झाले. याकुमो म्हणजे आठ मेघ; इझुमो प्रांताचें हें जुन्या काव्यांतील विशेषण आहे. आईबापांनीं एका बेटाचें नांव दिलें होतें, आपण दुसऱ्या प्रांताचें घेतलें. या कृत्याबद्दल जपानांतील गोऱ्या मंडळींत त्यांची हेटाळणी झाली. ख्रिस्ती धर्मप्रचारकांविषयीं तर हर्नसाहेब स्वतःच फार कडवट लिहीत. आमच्यासारख्या शाळेंतून शिकलेल्यांस तें एकांगी वाटेल, व आम्हांसहि वाटतें. पण लपवून ठेवण्यासारखें तें नाहीं. मित्रांशीं तुटक होण्याची त्यांची खोड तर शेवटपर्यंत होती; चेंबरलेनसारख्या उपकारकर्त्याशींहि त्यांनीं बोलणें सोडलें.

१८९६ मध्येंच तोकियोच्या शाही विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनाची जागा त्यांस मिळाली. हातांत टिपण न घेतां ते सावकाश, सोप्या वाक्यांत बोलत, म्हणजे विद्यार्थ्यांस शब्द न् शब्द उतरून घेतां येई. त्या वह्यांवरूनच त्यांच्या मृत्यूनंतर व्याख्यानांचे ग्रंथ छापले गेले. सुटींत ते याइझु या कोळ्यांच्या गांवीं जात, एका मासेविक्याच्या माडीवर राहत व मनसोक्त पोहत. १८९७ सालीं वाटाड्यांच्या आधारानें फुजी पर्वतहि चढून आले.

परंतु ज्या देशासाठीं नांव बदललें त्यानेंच हिशेब मांडला. परदेशी अध्यापकांस देशी अध्यापकांहून कितीतरी अधिक वेतन असे. इंग्लंड-जर्मनीहून शिकून आलेले जपानी तरुण आतां तयार झाले होते, आणि याकुमो तर कायद्यानें जपानीच. मार्च १९०३ मध्यें विद्यापीठानें त्यांचा करार पुढें चालविला नाहीं. विद्यार्थ्यांनीं चळवळ केली, ती व्यर्थ गेली. त्यांच्या जागीं जे आले त्यांत पुढें जपानचे थोर कादंबरीकार ठरलेले नात्सुमे सोसेकी होते. जपानच्या बाजूनें पाहिलें तर आपल्या मुलांस आपल्याच माणसांनीं शिकवावें हें योग्यच. पण हर्नसाहेबांच्या जिव्हारीं लागलें तें लागलेंच. १९०४ च्या वसंतांत वासेदा विद्यापीठानें त्यांस बोलाविलें. त्याच वर्षीं २६ सप्टेंबर रोजीं हृदयविकारानें ते वारले, वय चोपन्न. तोकियोंतील झोशिगाया येथील स्मशानभूमींत त्यांचें थडगें आहे.

त्यांची एक गोष्ट मात्र जपानी शाळांत परत आली. १५ जून १८९६ रोजीं सानरिकु किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामीनें सुमारें २२,००० माणसें बुडालीं. त्यानंतर हर्नसाहेबांनीं हामागुचीची कथा लिहिली. १८५४ सालीं समुद्र मागें हटलेला पाहून या गृहस्थानें भाताच्या गंजी पेटविल्या. आग विझविण्यास गांवकरी टेंकडीकडे धांवले आणि वांचले. खरा हामागुची त्या वेळीं तरुण होता, हर्नसाहेबांनीं त्याला म्हातारा केला. गंजी पेटविल्याची मूळ घटना मात्र खरी. पुढें त्यानें स्वतःच्या पैशानें किनाऱ्यावर बांध घातला, व १९४६ च्या त्सुनामींत त्याच बांधानें गांवाचा मोठा भाग राखला. या कथेवरून एका जपानी शिक्षकानें लिहिलेला धडा १९३७ पासून दहा वर्षें प्राथमिक शाळांच्या क्रमिक पुस्तकांत होता. २६ डिसेंबर २००४ रोजीं आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाट आली तेव्हां समुद्र मागें हटलेला पाहून पुष्कळ लोक उलट त्याच्याकडे धांवले होते.

सेत्सुबाई १९३२ पर्यंत होत्या. पतीच्या आठवणी त्यांनीं सांगितल्या व त्या पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. मात्सुए येथें किल्ल्याच्या खंदकाजवळचें त्यांचें बिऱ्हाड अजून जतन केलेलें असून त्याशेजारीं १९३३ सालीं स्मारक-संग्रहालय उघडण्यांत आलें. तेथें हर्नसाहेबांचें लिहिण्याचें मेज ठेविलें आहे. तें नेहमींच्या मेजापेक्षां बरेंच उंच आहे. कागद उजव्या डोळ्याच्या अगदीं जवळ यावा म्हणून त्यांनीं तें मुद्दाम तसें करवून घेतलें होतें.